किरणोत्सर्गी द्रव्याची सुरक्षित कुपी



कर्करोगावरील उपचार, रक्तपेढ्या, कारखान्यांतील तपासणी अशा अनेक कामांत पोलादी कुपीत मोहोरबंद केलेले किरणोत्सर्गी द्रव्य वापरतात. कुपी मजबूत असली म्हणजे झाले, असे आपणास वाटेल. पण ती फुटली तर? मग आत काय भरले आहे, यावर सारे अवलंबून राहते.

१९८७ साली ब्राझीलमधील गोयानिया शहरात, ओस पडलेल्या दवाखान्यातील यंत्राचा भाग दोघांनी काढून भंगारवाल्याला विकला. त्यात शंभर ग्रॅमहूनही कमी सीझियम क्लोराइड होते. मिठासारखे, पाण्यात सहज विरघळणारे. अंधारात निळी चमकणारी ती भुकटी लोकांनी कौतुकाने घरोघर नेली. चौघे दगावले, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली.

कुंभाराची कच्ची माती पाण्यात विरघळते, भाजलेले मडके विरघळत नाही. शास्त्रज्ञांचा उपाय याच जातीचा आहे. सीझियम, ॲल्युमिना आणि सिलिका एकत्र करून उच्च तापमानात भाजले, की पोल्युसाइट नावाचे घट्ट सिरॅमिक बनते. त्याची ना भुकटी उडते, ना ते पाण्यात सहज विरघळते. अडचणी दोन: भाजताना सीझियमची वाफ होते आणि तेवढ्याच जागेत किरणोत्सर्गी द्रव्य कमी मावते. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने सीझियम काचेत बंदिस्त करून रक्तावर किरण सोडणाऱ्या यंत्रांसाठी कांड्या बनवल्या, त्याही याच विचाराने.

मात्र सिरॅमिक किरण अडवत नाही, हे विसरू नका. डिसेंबर २००१ मध्ये जॉर्जिया देशातील लिया गावाजवळ जंगलात तिघांना दोन गरम नळकांडी सापडली. आत स्ट्राँशियम टायटेनेटचे सिरॅमिक होते. विष गावात पसरले नाही; पण थंडीत त्या उबेला बसलेले तिघेही भाजले आणि एकाचा २००४ साली मृत्यू झाला.

दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारातही २०१० साली कोबाल्टमुळे एकाचा बळी गेला. म्हणून पालकहो, पिवळ्या पाटीवरील तीन पात्यांचे चिन्ह मुलांना ओळखायला शिकवा. ते दिसले तर हात न लावता दूर व्हावे आणि पोलिसांना कळवावे. विद्यार्थ्यांनो, रसायनशास्त्र केवळ गुणांसाठी शिकू नका. विरघळणारे आणि न विरघळणारे, हा शाळेतला धडा एका शहराच्या जिवाशी येऊन ठेपला होता. आणखी सुरक्षित द्रव्य शोधण्याचे काम अजून बाकी आहे. ते तुमच्यापैकी कोणी हाती घ्यावे, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.