वेळेवर बोललेला शब्द

आपल्या घरांत रागाला वाचा असते. कौतुक मात्र मनांत राहतें आणि माणूस गेल्यावर शोकसभेंत प्रकट होतें. नागपूरच्या एका दांपत्यानें ही रीत मोडली. कवि अनिल व कुसुमावती देशपांडे यांनीं १९२९ सालच्या विवाहापूर्वीं एकमेकांना मन मोकळें करून पत्रें लिहिलीं. कुसुमावती १९६१ सालीं ग्वाल्हेरला मराठी साहित्यसंमेलनाच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या व त्याच वर्षीं निवर्तल्या. पत्रें ‘कुसुमानिल’ या नांवानें छापलीं गेलीं तीं १९७२ सालीं. पण स्नेह सांगायचा राहिला नव्हता, तो वेळेवर पोंचला होता.

सर्वांनाच पत्र साधत नाहीं. पण भाजी चांगली झाली तर जेवतांनाच सांगावें. मुलाची पाठ निकालाआधीं थोपटावी. उद्यांसाठीं राखलेल्या शब्दाला ऐकणारा मिळेलच, असें नाहीं.