पुस्तक घरी जाऊ द्या



या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून मी तुम्हा कार्यकर्त्यांशी बोलतो आहे. समोर बँकेतून निवृत्त झालेली मंडळी दिसताहेत, अंगणवाडीताई दिसताहेत, कॉलेजात शिकणारी मुलं-मुली दिसताहेत. आठवड्याच्या सुट्टीला पिशवीत पुस्तकं भरायची आणि वस्तीवर, पाड्यावर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलं जमवून बसायचं, हे तुम्ही कुणी सांगितलं म्हणून करत नाही. तुमच्यासमोर वाचनाचं महत्त्व सांगण्यात वेळ घालवणार नाही. माझा एकच आग्रह आहे. मुलांचा वाचन-मेळावा कितीही रंगला, तरी संध्याकाळी मुलांसोबत पुस्तकं घरी गेली नसतील, तर आपलं काम अर्धं राहिलं असं समजावं.

या कामाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. साने गुरुजी गेल्यानंतर प्रकाशभाई मोहाडीकरांच्या पुढाकारानं साने गुरुजी कथामाला सुरू झाली आणि गावोगावचे शिक्षक मुलांना जमवून गोष्टी सांगू लागले. भा. रा. भागवतांनी ‘बालमित्र’ हे मुलांचं मासिक चालवलं. 1971 साली बालभारतीनं ‘किशोर’ सुरू केलं आणि खेड्यातल्या शाळांतही एक देखणं मासिक पोचू लागलं. पण मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम. 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत नव्हती. तेव्हा या दोघींनी मुलांना बोल लावला नाही, पालकांना अडाणी म्हटलं नाही. बालवाडी उचलून पाड्याच्या अंगणात नेली. मोठी मुलं गुरं राखायला जातात म्हणताच शिक्षक गुरांमागं कुरणात गेले आणि तिथं कुरणशाळा भरली. मूल आहे तिथं, त्याच्या कामाच्या वेळा सांभाळून जायचं, हा धडा आपल्याला इतक्या वर्षांपूर्वी मिळालेला आहे. तरीही आपले किती मेळावे अजून तालुक्याच्या सभागृहात, मुलांना ट्रकमध्ये बसवून आणून होतात, याचा आपण विचार करावा.

मुलांना कितपत वाचता येतं हे तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीचे अहवाल तुम्ही वाचता. ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं 2018 साली जेमतेम निम्मी होती. कोरोनाच्या काळात शाळा बंद राहिल्या आणि 2022 साली हे प्रमाण 43 टक्क्यांच्या आसपास आलं. 2024 साली ते पुन्हा निम्म्याच्या जवळ गेलं. या आकड्यांवरून शिक्षकांना झोडपण्याची पद्धत मला मान्य नाही. वाचता येणं हे वाचून वाचूनच पक्कं होतं. ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज छापलेला कागद नाही, तिथलं मूल वाचणार काय? अक्षर ओळखायला शाळा शिकवते. पण वाचनाची गोडी लागायला आवडीचं पुस्तक हाताशी असावं लागतं, आणि ते पुन्हा पुन्हा हाताशी असावं लागतं.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण सगळं यश-अपयश तिथंच ठरतं.

गोष्ट सांगणं आणि पुस्तक वाचून दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही हवीत, पण आपल्यातले बोलके कार्यकर्ते गोष्ट सांगण्यात इतके रमतात की पुस्तक मांडीवरच मिटलेलं राहतं. वाचून दाखवताना पुस्तक छातीशी बाजूला धरायचं, पानं मुलांकडे. मुलं अर्धगोलात, अगदी जवळ. तीसेक मुलं असतील तर दोन गट करायचे, माईक घ्यायचा नाही. पान उलटण्याआधी थांबायचं. मोठ्या माणसाला हे थांबणं अवघड जातं, पण मुलं त्या वेळात चित्र वाचत असतात. एका पाड्यावर मी वाचत होतो. गोष्ट पावसाची होती. मी मजकूर संपवून पान उलटायला लागलो, तर पुढं बसलेल्या मुलीनं पानावर तळहात ठेवला. चित्राच्या कोपऱ्यात, पन्हळीखाली एक बेडूक होता. गोष्टीत त्याचा उल्लेख नव्हता. मुलगी तिच्या वारली बोलीत त्या बेडकाबद्दल बोलू लागली, बाकीची मुलं तिला जोडून बोलू लागली, आणि गोष्ट तिथंच थांबली. ती थांबू द्यावी. मुलं घरच्या बोलीत बोलत असतील, मग ती वारली असो, कोरकू असो की अहिराणी, तर त्यांना ‘नीट मराठीत सांग’ म्हणू नये. पुस्तकाची भाषा मागून येते.

आणि वाचून झाल्यावर तात्पर्य विचारू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. लगेच प्रश्न, लगेच निबंध, लगेच बक्षीस असं सुरू झालं की मुलं ओळखतात, ही पण परीक्षाच. 15 ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जन्मदिवशी, आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. त्या दिवशी कितीतरी ठिकाणी मुलं रांगेत बसतात, पुस्तक हातात धरतात, फोटो निघतो आणि पुस्तकं पुन्हा कपाटात जातात. दिवस चांगला आहे, हेतूही चांगला आहे. त्या दिवशी एवढंच करा की कपाटाची किल्ली मुलांकडे द्या.

आता मुख्य अडचण. पुस्तक घरी दिलं तर फाटेल, हरवेल, धाकटं भावंड त्यावर रेघोट्या मारील. हो, मारील. पावसाळ्यात पत्र्याच्या घरात ते भिजेलही. पण पुस्तक फाटलं म्हणून मुलाकडून भरपाई मागितली, की ते मूल पुन्हा पुस्तकाला हात लावत नाही. पालकही म्हणतात, नको बाबा ते, उगाच दंड बसायचा. म्हणून माझी सूचना अशी, की दरवर्षी काही पुस्तकं जाणार हे हिशेबातच धरावं. देणगीदाराला आधीच सांगावं. चिकटपट्टी, सुई-दोरा आणि खळ पिशवीत असावी, आणि फाटलेलं पुस्तक मुलांकडूनच शिवून घ्यावं. नोंदवही मुलांनाच लिहू द्यावी. रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच सूत्र पुस्तकं वापरण्यासाठी असतात असं सांगतं. महाराष्ट्रात 1967 चा ग्रंथालय कायदा आहे, अनुदानित ग्रंथालयं 11-12 हजारांच्या घरात आहेत. त्यांतल्या बालविभागांची कुलपं उघडण्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहायची गरज नाही. गावातल्या कार्यकर्त्यानं ग्रंथपालांना भेटावं, आठवड्याचे दोन तास मागावेत. बहुतेक ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर एकट्यानं गाडा ओढत असतात, त्यांना आपली मदत हवीच आहे.

पुस्तक लोकांपर्यंत नेण्याचे किती मार्ग असू शकतात, हे आपल्याच राज्यात दिसतं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ची पेटी फिरवायला सुरुवात केली, ती दुबईच्या मराठी माणसांपर्यंत गेली. वाड्याजवळच्या क्वेस्ट संस्थेच्या ‘गोष्टरंग’मधले तरुण नट आदिवासी भागातल्या शाळांमध्ये जाऊन मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी रंगमंचावर आणतात. नाटक पाहिलेलं मूल तीच गोष्ट पुस्तकात शोधतं, हे मी पाहिलं आहे. प्रथम बुक्सच्या ‘वन डे वन स्टोरी’त 8 सप्टेंबरच्या सुमारास देशभरातले स्वयंसेवक एकच गोष्ट आपापल्या भाषेत मुलांना वाचून दाखवतात. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिकेनं आपल्या भाषेत उत्तम चित्रपुस्तकं दिली आहेत. मराठीत मुलांसाठी काही नाही, हे रडगाणं आता पुरे. आहे ते पोचत नाही, ही खरी तक्रार आहे.

सगळ्यांत कमी पोचतं ते ऊसतोड कामगारांच्या मुलांपर्यंत. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या आसपास त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात, आणि मार्च-एप्रिलपर्यंत मुलं तिथंच असतात. पट गावच्या शाळेत, मूल उसाच्या फडात. आपल्या वाचनालयाचं सभासदत्वही गावातच राहतं. इथं बीड, पाटोदा, शिरूर कासारकडचे कार्यकर्ते आहेत आणि कोल्हापूर, सांगलीकडचेही आहेत. माझा प्रस्ताव असा, की गावात दिलेलं पुस्तक मुलानं सोबत न्यावं, कारखान्याच्या तळावर ते बदलून मिळावं आणि हंगाम संपल्यावर परत गावात जमा व्हावं. दोन्हीकडं एकच नोंदकार्ड चालावं. तळावर जायचं ते दिवस मावळल्यावर, कारण पहाटेपासून आई-बाप आणि हाताशी आलेली मुलं फडातच असतात.

कुठल्या गावची टोळी कुठल्या कारखान्याला जाते, हे मुकादमांना विचारून कळतं. दुपारच्या सत्रात भाषणं ठेवू नयेत, अशी विनंती मी संयोजकांना केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे. त्या वेळात दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांनी एकत्र बसून गावांची आणि तळांची यादी करायची आहे. मीही तुमच्यात बसणार आहे. ज्यांच्याकडे मुकादमांचे फोन नंबर असतील त्यांनी ते सोबत आणावेत.