पाणी येते कुठून?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घराचे छत गळू लागले तर आपण खाली बादली ठेवतो आणि गवंड्याला निरोप धाडतो. होडीत पाणी शिरू लागले तर बादली हाताशी असते, पण गवंड्याला बोलवायला वेळ नसतो. गळती घराची असो की होडीची, पाणी जिथे दिसते तिथून ते आलेले क्वचितच असते. ही गोष्ट कळायला मला आणि माझ्या मित्राला तीन वर्षे लागली. त्या तीन वर्षांत काय घडले, ते आज सांगणार आहे.

आम्ही दोघे नोकरीतून निवृत्त झालो आणि 2011 साली भागीदारीत एक जुनी शिडाची नौका घेतली. फायबरची, एकोणीस फूट लांबीची, दोन माणसे वाकून बसतील एवढी केबिन असलेली. पावसाळ्यात ती किनाऱ्यावर काढून ठेवायची आणि पाऊस संपला की मुंबई बंदरात बोयाला बांधायची. रविवारी सकाळी मांडव्याला जायचे, भाजी-भाकरी खाऊन दुपारी परतायचे, एवढेच आमचे दर्यावर्दीपण.

2013 सालच्या मार्चमध्ये परत आल्यावर मित्राने मागच्या बाजूची फळी उचलली. खाली दोन बादल्या पाणी होते. पहिला प्रश्न, हे पाणी गोडे की खारे? गोडे असेल तर ते पावसाचे किंवा आपल्याच पिंपातले, खारे असेल तर समुद्राचे. त्यासाठी जिभेइतके सोपे साधन नाही. अर्थात मुंबई बंदरातले पाणी चाखणे हे निराळेच धाडस आहे. जिभेच्या टोकावर एक थेंब घ्यायचा आणि लगेच थुंकून चूळ भरायची. पाणी खारट होते.

आमच्या नौकेत बसण्याच्या जागेत लाटेचे पाणी आले, तर ते दोन नळ्यांवाटे परत समुद्रात जाते. पाणी मागे साचले होते आणि नळ्याही मागेच होत्या. झाले, आरोपी सापडला. नळ्या बदलल्या, त्यांच्या क्लिपा बदलल्या. पुढच्या रविवारी पुन्हा दोन बादल्या. मग तळाच्या जड कण्याचे बोल्ट आवळले. पुन्हा दोन बादल्या.

साधा विचार केला असता तर हा खटाटोप वाचला असता. नौका आठवडाभर पाण्यात उभी असे. पाण्याखालचा भाग गळत असता, तर रविवारी सकाळी गेल्याबरोबर पाणी दिसायला हवे होते. पण सकाळी आम्ही फळी उचलतच नव्हतो! उचलू लागलो तेव्हा कळले की सकाळी तळ कोरडा असतो, मांडव्याला पोचल्यावरही कोरडाच. पाणी येते ते परतीच्या वाटेवर. सकाळी वारा मंद असतो, नौका सरळ चालते. दुपारी पश्चिमेचा वारा जोर धरतो. परतताना तो डाव्या अंगाने येतो, नौका उजवीकडे कलते आणि उजव्या बाजूचा डेक लाटांनी धुऊन निघतो. म्हणजे शोधायचे होते वर, डेकवर, तेही उजव्या बाजूला. आम्ही मात्र तळाशी डोके खुपसून बसलो होतो.

पुढची युक्ती माझ्या पत्नीची. ती म्हणाली, "अहो, आत रांगोळी का नाही टाकत? पाणी आलं की ओघळ दिसेल." तळ स्पंजाने आणि जुन्या धोतराने ठणठणीत कोरडा केला. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण तळ ओला असेल तर पुढचे सगळे फुकट. मग रांगोळीचा पातळ थर भुरभुरला. परत आल्यावर त्यात एक स्पष्ट ओघळ उमटलेला होता. तो मागे नव्हताच. केबिनच्या उजव्या भिंतीवरच्या लाकडी अस्तराखालून निघून तो उतारावरून मागे गेला होता. अस्तर काढले तेव्हा वर, डेकच्या खालच्या अंगाला, एक थेंब लोंबकळताना दिसला.

तिथे काय होते ते सांगितले पाहिजे. डोलकाठी नुसती उभी राहत नाही. दोन्ही बाजूंनी पोलादी तारा तिला तोलून धरतात. या तारा ज्या स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांना अडकवतात, त्या पट्ट्या डेकमधून आत उतरून भिंतीला बोल्टने पक्क्या केलेल्या असतात. वाऱ्याने तार ताणली की पट्टी केसभर हलते. वर्षानुवर्षे हलून डेकच्या चिरेतला मसाला सुटतो आणि पाण्याला वाट मिळते.

जागा सापडली, आता इलाज. बाथरूमच्या फरशीला लावतात ते सिलिकॉन आणले आणि जिथे थेंब दिसला तिथे, म्हणजे आतून, भरपूर चोपडले. पाणी थांबले! आम्ही पेढे वाटले. 2014 सालचा सबंध मोसम तळ कोरडा राहिला. भेटेल त्याला मी ही हकीकत ऐकवत असे, आणि त्यातला शहाणा अर्थातच मी.

2015 च्या पावसाळ्याआधी नौका किनाऱ्यावर काढली आणि सुकाणूच्या दुरुस्तीसाठी एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावले. त्यांचा जन्म कोकणात लाकडी होड्या बांधण्यात गेलेला. लाकडी होडी उन्हात वाळली की फळ्यांच्या फटी उघडतात. म्हणून पाण्यात लोटण्याआधी त्या बुजवाव्या लागतात, आणि उरलेली फट लाकूड भिजून फुगले की आपोआप मिटते. फायबर फुगत नाही आणि चूकही भरून काढत नाही, म्हणून मिस्त्रींचे त्याच्याबद्दलचे मत फारसे चांगले नव्हते. जाता जाता त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डेकवर ठोकून पाहिले. टक, टक, टक, आणि उजव्या पट्टीजवळ भद्द. पुन्हा भद्द. वीतभर जागेत तोच आवाज.

"इथं गळत होतं का?"

मी मोठ्या अभिमानाने सिलिकॉनची हकीकत सांगितली.

"आतून लावलंत? साहेब, बाहेरचं दार उघडं ठेवलंत आणि आतलं बंद केलंत. मग पाणी गेलं कुठं?"

आमच्या नौकेचा डेक म्हणजे फायबरचे दोन पातळ थर आणि मध्ये प्लायवूड. वरच्या चिरेतून आलेले पाणी पूर्वी निदान खाली ठिबकून जात होते. आम्ही खालची वाट बुजवल्यावर ते मधल्या लाकडातच मुरत राहिले. मिस्त्रींनी वरचा थर कापला तेव्हा आत प्लायवूड नव्हतेच. चहाचा चोथा असावा तसा काळा लगदा होता, बोटाने निघत होता.

त्याहून वाईट पुढे होते. पट्टी बाहेर काढली. वरून ती चांदीसारखी चकचकीत, पण डेकच्या जाडीत दडलेल्या भागावर तपकिरी खड्डे आणि आडवी चीर. स्टेनलेस स्टील गंजत नाही असे आपण समजतो. ते टिकते त्याच्या पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ पापुद्र्यामुळे, आणि तो शाबूत राहायला हवेतला प्राणवायू लागतो. हवा न लागणाऱ्या चिरेत खारे पाणी साचून राहिले की तो पापुद्रा तुटतो आणि पोलाद आतल्या आत खाल्ले जाते. बाहेरून काही कळत नाही. अशी पट्टी तुटली तर तार सुटते, आणि मग डोलकाठी कोसळायला एक जोराची झुळूक पुरते.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात मित्राची दहा वर्षांची नात आमच्याबरोबर आली होती. परतताना चांगला वारा होता आणि ती सबंध वेळ डोलकाठीला टेकून बसली होती. मित्राने ती पट्टी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि काही न बोलता बाजूला जाऊन बसला. त्या दिवशी आम्ही चहाही घेतला नाही.

दुरुस्तीला सगळा पावसाळा गेला. कुजलेले लाकूड खरवडून काढले आणि जागा दिवा लावून पुरती सुकवली. मग नवे प्लायवूड बसवले. पट्टीसाठी हवी त्यापेक्षा मोठी खाच पाडून ती घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरली आणि त्या इपॉक्सीतच नेमकी खाच कोरली. आता पाणी आले तरी लाकडाला शिवणार नाही. पट्ट्या सगळ्याच नव्या घातल्या. मसाला पॉलिसल्फाइडचा, आणि बाहेरून. चिरेची कड थोडी तासली, म्हणजे तिथे मसाल्याचे कडे बसते. वरची झाकणपट्टी पहिल्याच दिवशी पिळून आवळायची नाही, नाहीतर मसाला सगळा बाहेर येतो आणि आत काही उरत नाही. हलकेच आवळायची, मसाला घट्ट होऊ द्यायचा, मग शेवटचा पिळा. सिलिकॉनचा मागमूस पुसायला मात्र जीव गेला. त्याचा तेलकट थर राहिला तर त्यावर दुसरे काही धरत नाही.

शेवटी पाण्याची नळी लावून डेकवरचा एकेक बोल्ट तपासला. मित्र आत टॉर्च घेऊन आणि मी वर. सुरुवात खालून करायची, एकेका जागी दहा मिनिटे पाणी सोडायचे आणि मग वर सरकायचे. वरून सुरुवात केली तर ओघळणारे पाणी खालच्या निर्दोष जागेवर आळ आणते. या तपासणीत खिडकीच्या चौकटीचे दोन स्क्रू गळके निघाले. तेही काढून बाहेरून मसाला भरून बसवले.

ऑक्टोबरात पहिल्यांदा मांडव्याला गेलो. परतताना वारा होता, उजवा डेक लाटांखाली जात-येत होता. बोयाला बांधल्यावर मी फळी उचलली. रांगोळी जशीच्या तशी होती. तेवढ्यात केबिनमधून मित्र ओरडला, "अरे, सगळ्या गाद्या ओल्या!" माझ्या छातीत धस्स झाले. आत जाऊन पाहिले, तर खिडकी उघडीच राहिली होती.