टेप, खडू आणि कापड

कागदी नमुन्याशिवाय कापड बेतणं म्हणजे अंदाजपंचे काम, असा समज आहे. तो मला पटत नाही. पुण्यात लक्ष्मी रस्त्याच्या गल्ल्यांमधल्या शिंप्याच्या वहीत गिऱ्हाइकाची मापं असतात आणि त्यावरून थेट कापडावर खडू फिरतो. यामागे साधा हिशेब आहे. कुर्त्याचं कापड चार पदरी घडी घालायचं. छाती 36 इंच असेल तर तिचा चौथा भाग 9, ढिलाईसाठी 1, शिलाईसाठी 1, म्हणजे 11 इंचांवर खूण करायची. छापील नमुना सरासरी अंगासाठी असतो, हा हिशेब मात्र तुमच्याच अंगाचा. आपली कुंची तर आयताकृती तुकड्याची घडी घालून शिवली जाते, कापड जवळजवळ वायाच जात नाही.

‘पण चुकलं तर महागाचं कापड जाईल,’ ही भीती रास्त आहे. म्हणून पहिला कपडा मांजरपाटाचा शिवावा. सुती कापड आधी भिजवून वाळवावं, नाहीतर ते नंतर आटतं. कॉलरचा शर्ट किंवा कटोरी ब्लाउज यांना कागदी आखणी लागते, हेही मान्य. पण झबलं, परकर, सैल कुर्ता यांना ती कशाला? मुंढा मात्र सुरुवातीला थोडा कमीच कापावा. घट्ट वाटला तर आणखी कोरता येतो, जास्त कापलेला भरून काढता येत नाही.