गाडीचा खोटा इशारा : कारणे आणि उपाय

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



आज पुष्कळांच्या अंगणात मोटार उभी असते. १ जुलै २०१९ पासून आपल्या देशात नव्या मोटारींना मागे घेताना इशारा देणारे सेन्सर सक्तीचे झाले. पण "उगाच वाजतंय" म्हणून काहीजण ते बंद करून ठेवतात. रोज खोटे ओरडणाऱ्या राखणदाराकडे कोणी लक्ष देत नाही, तसेच हे. मात्र त्याच अंगणात आपली लेकरे खेळतात. म्हणून इशारा बंद करू नका. तो खोटा का वाजतो ते समजून घ्या.

मागील बंपरवरचे बटणासारखे सेन्सर कानाला ऐकू न येणारा ध्वनी सोडतात. तो अडथळ्यावर आपटून परत येतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असल्याने एक मीटरवरील भिंतीचा प्रतिध्वनी सेकंदाच्या साधारण सहा हजारांश भागात पोचतो. या वेळेवरून अंतर ठरते. समोर भिंत आहे की गवत, हे सेन्सरला कळत नाही. म्हणून पुढील काळजी घ्यावी :

१. सेन्सरवरील चिखल, शेण, धूळ ओल्या मऊ फडक्याने पुसावी. प्रेशर पंपाची धार अगदी जवळून मारू नये.

२. धक्का लागून सेन्सर खाली कलला, तर जमिनीचाच प्रतिध्वनी येतो. तो गॅरेजमध्ये सरळ बसवून घ्यावा.

३. ओढण्याचा हुक, कॅरियर किंवा डिकीबाहेर लोंबणारा चारा सेन्सरच्या समोर येऊ देऊ नये.

४. बंपर रंगवताना सेन्सरवर रंगाचा जाड थर चढवू नये.

५. गाडी लावायच्या जागेतील उंच गवत काढावे.

जोराचा पाऊस किंवा शेजारच्या ट्रकच्या एअर ब्रेकचा फुसकारा यांमुळेही इशारा वाजू शकतो. तरीही आधी थांबावे, पाहावे, मगच गाडी हलवावी.

एक गोष्ट मात्र विसरू नका. इशारा वाजला नाही म्हणजे मागे कोणी नाही, असे नव्हे. बंपरखाली बसलेले मूल किंवा बारीक खुंटा सेन्सरच्या टप्प्यातून सुटतो. मऊ कपडे ध्वनी शोषून घेतात. म्हणून किल्ली फिरवण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारा आणि मुले कोठे आहेत ते डोळ्यांनी पाहा. सेन्सर मदतनीस आहे. गाडीची जबाबदारी चालवणाऱ्याचीच.