मातृदुग्ध : बालकाचा पहिला हक्क



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून तप, दान आणि स्वाध्याय यांविषयी बोलले जाते, ते उचितच आहे. आजचा विषय मात्र बाळंतिणीच्या खोलीतला आहे. परंतु आपल्या शास्त्रांनी तो क्षुल्लक मानलेला नाही. दशवैकालिक सूत्राच्या ‘पिंडैषणा’ अध्ययनात गोचरीचे नियम आहेत. अंगावर पिणाऱ्या बालकाला रडत खाली ठेवून माता आहार देण्यास उठली, तर तो आहार साधूला कल्पत नाही, असा तेथे निर्देश आहे. दिगंबर परंपरेच्या मूलाचारातही अशा प्रकारे दिलेला आहार सदोष मानला आहे. सुपात्रदानासारखे पुण्यकर्मही तान्ह्या जिवाच्या दुधासाठी थांबते. मग पाहुणे, स्वयंपाक आणि रूढी यांनी त्याच्या आड का यावे?

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी, की जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू करावे, पहिले सहा महिने केवळ मातेचेच दूध द्यावे आणि पुढे पूरक आहारासह ते दोन वर्षे वा अधिक काळ चालू ठेवावे. भारतातील २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मात्र पहिल्या तासात स्तनपान मिळालेली बालके ४१.८ टक्केच आढळली. निम्म्याहून अधिक बालकांचा तो मोलाचा तास हुकला.

प्रसूतीनंतर प्रथम येणारे घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. ‘हे जड असते’ असे म्हणून तो पिळून टाकण्याची चाल काही घरांत होती. वस्तुतः त्यात रोगप्रतिकारक द्रव्ये विपुल असतात. चीक टाकून बाळाला मध चाटविणे तर दुहेरी चूक होय. श्रावकाच्या मूलगुणांत मद्य-मांसाबरोबर मधाचाही त्याग सांगितला आहे. वैद्यकशास्त्रही एक वर्षाच्या आतील बालकास मध देऊ नये, असे बजावते. कारण त्यातील जंतूंचे बीजाणू बाळाला गंभीर आजार करू शकतात. मातेच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत, उन्हाळ्यातही, बाळाला वरचे पाणी लागत नाही.

स्तनपानाने बालकाचे अतिसार व श्वसनविकारांपासून रक्षण होते. मातेलाही लाभ होतो. गर्भाशय आकुंचन पावून रक्तस्राव आटोक्यात राहतो. एकंदर बारा महिने स्तनपान दिल्यास स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय विश्लेषणात दिसून आले. ‘दूध पुरत नाही’ या शंकेने पुष्कळदा वरच्या दुधाची बाटली घरात येते. पण येथे मागणी तसा पुरवठा हाच नियम आहे. बाळ जितके ओढील, तितके दूध तयार होते. बाटली आली की मागणी घटते आणि दूधही आटू लागते.

आता एक नाजूक गोष्ट. पर्युषणात वा दशलक्षण पर्वात स्तनदा सुनेने उपवास केला नाही, म्हणून तिला बोल लावला जातो. आपल्या धर्माने तप यथाशक्ती सांगितले आहे. तिच्या आहार-पाण्यावर दुसरा जीव पोसला जात आहे. तिने डॉक्टरांचा आणि गुरुमहाराजांचा सल्ला घ्यावा. घरातील वडीलधाऱ्यांनी तिच्या नियमांचा हिशेब मांडू नये. रात्रीची तिची जाग हीही तपश्चर्याच आहे.

दानाची परंपरा येथेही आहे. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. मातांनी दान केलेले दूध तेथे अपुऱ्या दिवसांच्या, अशक्त बालकांना मिळते. अभयदान आणि आहारदान एकाच वेळी घडविणारे असे दुसरे दान विरळाच.

सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या धर्मशाळेत आणि प्रवचनगृहात स्तनदा मातांसाठी एक आडोशाची, स्वच्छ खोली राखून ठेवावी. तिच्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. पण बाळ रडले म्हणून प्रवचन सोडून घरी परतणारी माता त्यामुळे धर्मश्रवणाला मुकणार नाही, आणि तिचे बाळही उपाशी राहणार नाही.

जय जिनेंद्र!