झोळीची गाठ



संयोजक मंडळी आमच्याकडे आली तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती, की आम्ही कामगार कायद्यांवर काहीतरी बोलू. आम्ही म्हटले, आम्हांला गाठीवर बोलू द्या, दोरीच्या गाठीवर. मंडळींनी एकमेकांकडे पाहिले, पण भल्या मनाने होकार दिला.

त्याचे निमित्त असे झाले. आमच्या आळीतली चार पोरे सह्याद्रीत मुक्कामाला निघाली होती. त्यांनी नायलॉनची एक झोळी विकत आणली होती. दोन झाडांच्या मध्ये बांधायची आणि आत निजायचे. तिला हॅमॉक म्हणतात. रंगीत तालीम म्हणून त्यांनी ती चाळीच्या दोन खांबांना बांधली आणि त्यांच्यातला जो अंगाने भरलेला, त्याला आत निजवले. गाठ तुटली नाही. ती सरकत गेली, आणि तो गृहस्थ अगदी सावकाश, सभा तहकूब व्हावी तसा, फरशीवर आला. मग पोरे आमच्याकडे आली. "काका, गाठ शिकवा."

ही झोळी काही परदेशातून आलेली नवलाई नव्हे. कोलंबस 1492 साली बहामा बेटांवर उतरला, तेव्हा तिथले लोक अशाच जाळीदार झोळ्यांत निजत. त्यांच्याच शब्दावरून स्पॅनिशांनी 'हमाका' घेतला आणि पुढे इंग्रजांनी 'हॅमॉक' केला. सोळावे शतक संपता संपता इंग्रज आरमारात खलाशांना त्या मिळू लागल्या, कारण जहाज डोलले तरी झोळीतला माणूस घरंगळत नाही. पण आमच्या भांडुपच्या टेकडीवर कोणाला बहामा बेटांचे काय पडले आहे? आईचे लुगडे, वरचा वासा आणि हातभर सुंभ. इथे बसलेल्यांपैकी निम्मे तरी अशा झोळीत वाढले असतील. पोरांना गाठ दाखवताना आमच्या डोळ्यांसमोर हॅमॉक नव्हताच. होती ती एक साडीची झोळी, आणि तिच्यासाठीच आम्ही आज उभे आहोत.

लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने एकामागून एक बंद झाले आणि त्या जागांवर मनोरे उठू लागले, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. अशाच एका बांधकामावर काही वर्षांपूर्वी झोळीची गाठ सुटली. सात महिन्यांचे मूल खाली आले. खाली वाळूचा ढीग होता म्हणून वाचले. दोन हात पलीकडे सळया होत्या. आम्ही पोहोचलो तेव्हा मुकादमाने निकाल देऊन टाकला होता: "बाईला गाठ मारता येत नाही, त्याला आम्ही काय करणार?"

ती बाई मराठवाड्यातली. ती रडत नव्हती, चिडली होती. म्हणाली, "दादा, माझ्या आईनं अशीच बांधली, तिच्या आईनं अशीच बांधली. आम्ही आठ भावंडं त्यात निजलो, एक पडलं नाही."

आम्ही तिला पुन्हा गाठ मारायला सांगितली. तिने साडीचे टोक आणि दोरीचे टोक घेतले, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, आणि गच्च ओढले. साधी निरगाठ. तिचे म्हणणे खरे होते. मग आम्ही दोरी पाहिली, साडी पाहिली, आणि कोडे सुटले. गाठ आजीची होती, पण दोरी आजीची नव्हती. आजीचा सुंभ काथ्याचा, खरबरीत, लुगडे सुती. एकमेकांना चावून धरणारी ही दोन वस्त्रे. हिच्या हातात कामावर पडलेली निळी प्लॅस्टिकची दोरी आणि गुळगुळीत कृत्रिम धाग्याची साडी. गाठ म्हणजे तरी काय? दोरीने दोरीला धरलेली घट्ट मिठी. धरायला घर्षण लागते. घर्षण गेले की मिठी सैल होते, आणि मूल हलले, रडले, झोका बसला, की दर खेपेस टोक केसभर मागे सरकते. शिवाय ही निळी दोरी उन्हात कुजते. तिच्यावरून हात फिरवला आणि बोटांना भुकटी लागली, तर ती दोरी टाकावी. तिला गोणी बांधायलाही ठेवू नये.

बाईला गाठ येत होती. बदलला होता माल, आणि तो तिने निवडलेला नव्हता. अपघाताच्या चौकश्या आम्ही पुष्कळ पाहिल्या. शेवटचा हात ज्याचा लागला त्याच्या नावावर दोष टाकून कागद मिटतात.

आता गाठ कोणती मारावी? आमचे वडील 1982च्या संपापर्यंत गिरणीत साचेखात्यात होते. धागा तुटला की ते डोळे दुसरीकडे ठेवून एका निमिषात जोडीत. पुढे एका जुन्या खलाशाने आम्हांला जहाजावरची गाठ दाखवली, तिला 'शीट बेंड' म्हणतात. आणि आम्ही थक्क झालो, कारण ती वडिलांचीच गाठ! विणकराने सुतात मारली ती, खलाशाने दोरखंडात मारली ती, घडण एकच. अॅश्ली नावाच्या अमेरिकन लेखकाने 1944 साली 3,800हून अधिक गाठींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. आमच्या कामाला त्यातल्या दोन-तीन पुरतात.

साडीचे टोक एकत्र गोळा करा आणि वीतभर मागे दुमडा, म्हणजे आकड्यासारखा आकार होईल. दोरीचे टोक त्या दुमडीतून खालून वर काढा, दुमडीच्या दोन्ही पदरांच्या मागून फिरवून आणा आणि दोरीच्याच अंगाखालून काढून ओढा. माल गुळगुळीत असेल तर मागून आणखी एक वेढा द्या, आणि तोही दोरीखालूनच काढा. कृत्रिम साडीला हा दुसरा वेढा हवाच. उरलेले टोक वीतभर तरी राहू द्या. दोन बोटांचे टोक म्हणजे संकटाला आमंत्रण. दोन्ही मोकळी टोके एकाच बाजूला आली म्हणजे गाठ बरोबर बसली.

वरच्या बाजूला, वाशाला किंवा झाडाला, दोरीचे दोन पुरे वेढे द्या आणि मग दोन अर्ध्या गाठी, एकाच दिशेने. इथे बहुतेक भार वेढेच पेलतात. गाठी नुसत्या राखणदार. खलाशांची न आवळणारी फाशी, बोलाइन, ही देखील उत्तम. मात्र ताण नसला की ती हलून हलून ढिली होते, म्हणून तिच्या टोकाला आणखी एक गाठ हवी.

आपल्याकडे समज असा, की सुटत नाही तीच गाठ पक्की. ज्या निरगाठीला दात लावावे लागतात ती आपण विश्वासाची मानतो. आमचा अनुभव उलट आहे. भार असताना धरते आणि भार उतरल्यावर बोटांनी सुटते, ती गाठ चांगली. कारण ती रोज सोडून पाहता येते. आतला पेड झिजला आहे का, ते कळते. निरगाठ महिनोन्महिने तशीच राहते आणि आत काय कुजले ते शेवटी मूल पडल्यावरच समजते. मात्र सुरगाठ म्हणून नुसते टोक ओढताच सुटणारा फासा कोणी झोळीला मारू नये. रांगते मूलच ते ओढील.

पोरांचे हॅमॉक सरकले त्याला आणखी एक कारण होते. त्यांनी ते वाळत घालायच्या दोरीसारखे ताठ बांधले होते. दोरी जितकी ताठ, तितकी ओढ जास्त. 60 किलोचा माणूस निजला आणि दोरी आडव्या रेषेशी 30 अंशांचा कोन करीत असेल, तर प्रत्येक टोकावर ओढ 60 किलोची. कोन 10 अंशांवर आणला की तीच ओढ सुमारे 173 किलो, आणि 5 अंशांवर 344! माणूस तोच, दोरी तीच. कोन मोजायला काही साधन नको: दोन हात दोरीमागे एक हात उतार ठेवा, म्हणजे 30 अंश झाले. झाडाला रुंद पट्टा घाला, बारीक दोरी सालीखालचा जिवंत थर कापते. आणि शेवग्याला काही टांगू नका, त्याची फांदी कशी मोडते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

लहानग्यांच्या झोळीबद्दल दोन गोष्टी मात्र कळकळीने सांगतो. वर एकाच जागी बांधलेल्या झोळीचे कापड मुलाच्या तोंडावर मिटते आणि हनुवटी छातीला टेकते. म्हणून वरच्या अंगाला एक आडवी काठी घालून तोंड उघडे ठेवा. आणि मोठी भावंडे त्याच साडीत बसून गरगर पीळ घेतात, तो पीळ मानेभोवती बसून मुले दगावली आहेत. झोळी रिकामी झाली की सोडून ठेवावी.

त्या बांधकामाचे पुढे काय झाले? तेव्हा लागू असलेल्या 1996च्या बांधकाम कामगार कायद्यात 50हून अधिक स्त्रिया कामाला असतील तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली ठेवण्याचे बंधन होते. पुढे 2020च्या संहितेत स्त्रियांऐवजी 50हून अधिक कामगार अशी भाषा आली. आम्ही हजेरीपट मागितला. त्यात बायका निघाल्या 46. विटा वाहणाऱ्या आम्ही स्वतः मोजल्या, त्या 70च्या वर होत्या. मीरा महादेवन यांनी 1969 साली दिल्लीत बांधकामावरच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे सुरू केली, 1972 साली ती मुंबईत आली. म्हणजे ही कल्पना कोणाला सुचली नव्हती असेही नाही. तीन महिने भांडल्यावर पत्र्याची एक खोली मिळाली, पंखा मिळाला नाही. त्या खोलीतही आयांनी झोळ्याच बांधल्या, खाली मुंग्या होत्या म्हणून. आम्ही एकेक गाठ तपासली. त्या मराठवाड्याच्या बाईने इतर जणींना दुसरा वेढा शिकवला होता, आणि आमच्यापेक्षा चांगला.

बोलून गाठ येत नाही. शेवटच्या रांगेजवळ एक बांबू आडवा बांधला आहे, दोऱ्या ठेवल्या आहेत: काथ्याची, सुती आणि निळी. साड्याही दोन आहेत. त्यातली हिरवी आमच्या घरची आहे, ती न विचारता आणली आहे, तेवढी जपून वापरावी.